खुणेवरचा काटा

शुक्रवारी सकाळी नीलम्मा दोन घागरी पाणी घेऊन नवऱ्याच्या दुकानात आली आणि म्हणाली, "घ्या. अन् अर्ध्या घंट्यात परत द्या. डाळ शिजायची हाय."

दुकान म्हणजे घराचाच रस्त्याकडचा खण. बाहेर पत्र्याची पाटी, 'संगप्पा रेडिओवाले'. पण लातूरला जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं, त्या चार वर्षांत गावात नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले, आणि संगप्पांच्या टेबलावरचे रेडिओ हळूहळू बाजूला सरले. पावसानं तीन वर्षं पाठ फिरवली होती. गावोगावच्या विहिरीत पाणी किती उरलं हे रोज कळायला हवं होतं, आणि दोर सोडून मापायला माणसं पुरत नव्हती. संगप्पांनी त्यासाठी एक यंत्र केलं होतं. विहिरीच्या तळाशी सोडायची स्टीलची डबी, तिच्या पातळ पडद्यावर चिकटवलेल्या केसासारख्या चार पट्ट्या, वर येणारी लांब वायर, आणि वायरीच्या टोकाला पेटी. पाण्याचा दाब बदलला की पट्ट्या कणभर ताणायच्या. पेटीतलं सर्किट तो कणभर फरक पाचशे पट करून काट्याला द्यायचं. काटा तबकडीच्या मधोमध लाल खुणेवर उभा असे. पाणी वाढलं की उजवीकडे, उतरलं की डावीकडे. काटा कुणालाही वाचता येत होता, ही संगप्पांना सगळ्यात अभिमानाची गोष्ट.

त्यांनी दोन्ही घागरी ड्रममध्ये ओतल्या. तळाशी डबी होती. काटा उजवीकडे गेला.

"चालला!"

मग नीलम्मानं ड्रमच्या तोटीखाली घागर धरली. पाणी जसं परत घागरीत आलं तसा काटा मागे येऊन खुणेवर थांबला.

"आला जाग्यावर. पास," संगप्पा म्हणाले.

"तुमची मशीन पास, अन् माझ्या डाळीला लोखंडाचा वास."

"लोखंड अंगाला लागतं. डाक्टर पैसे घेऊन देतो तेच."

कोपऱ्यातल्या स्टुलावर मडिवाळप्पा बसले होते. ते अहमदपूरच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर इंजिन चालवत. पहाटेच्या एसटीनं निरोप घेऊन आले होते. ते हसले, पण निरोप हसण्यासारखा नव्हता.

"अप्पा, तुमी बसवली तवापास्नं काटा खुणंवरनं हललाच न्हाई. म्हैनाभर साहेब खूश. पाणी टिकून हाय म्हणून वर कागद गेला. मला हुकूम, काटा खुणंवर हाय तोवर इंजिन बंद करायचं न्हाई. अन् आता चार दिस झाले, इंजिन निस्ती हवा वढून राह्यलंय."

"म्हंजे वायर तुटली," संगप्पा म्हणाले. "उंदरानं खाल्ली असंल, न्हाईतर डबीपाशी निसटली असंल. उद्या येतो. उतरून बघतो."

शिवकांता, त्यांची मुलगी, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून तिसऱ्या यंत्राची पेटी बंद करत होती. सव्वीस वर्षांची. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या तुकडीतली ती एकटी मुलगी होती, आता तिथेच प्रयोगशाळा सांभाळत होती. मे महिन्याची सुट्टी म्हणून घरी होती. पहिलं यंत्र अहमदपूरला गेलं होतं, दुसरं मुखेडला, हे तिसरं उमरीला जायचं होतं. झाकणाचा शेवटचा स्क्रू बसवण्याआधी तिनं सवयीनं आत नजर टाकली, आणि तिचा हात थांबला.

असं सर्किट फरक मोठा करतं, पण त्या फरकाला उभं राहायला एक पाया द्यावा लागतो. त्याला ती वर्गात रेफरन्स म्हणून शिकवायची. मुलांना सांगायची, आधी ठरवा तुमचं शून्य कुठे बसलंय, मग बाकीचं. गेल्या साली अप्पांनी नमुना केला तेव्हा पेटीत दोन बॅटऱ्या होत्या, एक वरच्या बाजूची, एक खालच्या बाजूची. शून्य दोन्हींच्या मधोमध होतं. काट्याला दोन्हीकडे वाट होती. मग पाणीपुरवठ्याच्या कचेरीची तक्रार आली, दोन बॅटऱ्या बदलायला परवडत नाहीत, एक आधी उतरते. अप्पांनी महिनाभर डोकं लढवलं आणि एक बॅटरी काढून टाकली. हैदराबादेत कोटीच्या बाजारातून नवी चिप आणली, एकाच बॅटरीवर चालणारी. पण रेफरन्सची काळी वायर त्यांनी होती तिथेच ठेवली होती. ती बॅटरीच्या तळाला जोडलेली होती. आता शून्याच्या खाली काही उरलंच नव्हतं. पाणी चढलं तर काटा उजवीकडे जाईल. पाणी उतरलं, कितीही उतरलं, तरी तो खुणेवरच उभा राहील.

गेल्या साली ड्रम अर्धा भरून ठेवला होता, खूण अर्ध्यावर धरली होती, काटा दोन्हीकडे फिरवून पाहिला होता. यंदा अर्धा ड्रम पाणी कुणाच्या घरी होतं? अप्पांनी रिकाम्या ड्रमावरच खूण धरली. दोन घागरी ओतल्या, दोन घागरी परत दिल्या. रिकाम्याच्या खाली काय पाहणार?

अहमदपूरची वायर तुटलेली नव्हती.

तिनं मान वर केली. "अप्पा..."

"काय गं?"

मडिवाळप्पा चहाची बशी तोंडाला लावून तिच्याकडे पाहत होते. दारात नीलम्मा, काखेत घागर.

गेल्या साली अशीच ती बोलली होती. कचेरीचे उपअभियंता अर्जुनराव साहेब नमुना पाहायला आले होते, आणि ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "अप्पा, हा कॅपॅसिटर उलटा लागलाय." खरंच उलटा होता. साहेब हसले, म्हणाले, "संगप्पा, लेक मास्तर झाली तुमची." त्यानंतर आठ दिवस अप्पा घरात बोलले नाहीत. रागावले नाहीत, जेवण सोडलं नाही, नुसते बोलले नाहीत. नवव्या दिवशी नीलम्मानं तिला देवघरापाशी बसवलं. "चौथी शिकलेला माणूस. एवढं सगळं निस्त्या डोळ्यानं शिकला. लोकांम्होरं त्याची चूक काढायची न्हाई. लिंग हातात घे अन् सांग." शिवकांतानं गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन तशी शपथ घेतली होती.

"काय गं?" अप्पांनी पुन्हा विचारलं.

"काही नाही. एक स्क्रू कमी आहे."

"डबीत बघ, जाफरी तंबाखूच्या."

संध्याकाळी बोलू, असं तिनं ठरवलं. संध्याकाळी अप्पा ओसरीवर बसून कचेरीचा कागद पुन्हा वाचत होते. त्यावर टाइप केलं होतं, 'श्री. संगप्पा यांनी तयार केलेले यंत्र समाधानकारक आढळले.' ते मोठ्यानं वाचत होते, 'समाधानकारक'पाशी थांबत होते. शेजारचे माणिकप्पा ऐकायला येऊन बसले होते. माणिकप्पा उठेनात.

तिनं मनाशी हिशेब केला. उद्या अप्पा जातील, वायर तपासतील, वायर धड निघेल, परत येतील. मग दोघंच असताना शांतपणे सांगू. एक एसटीची खेप वाया जाईल, एवढंच.

सकाळी सहाच्या गाडीनं ते गेले. जाताना तिच्या हातातला पेचकस मागून घेतला, म्हणाले, "तुझा बारीक हाय, माझा मोठा पडतो."

*

अहमदपूरच्या विहिरीत पाणी खाली गेलं तसं डिझेल इंजिनही आतल्या टप्प्यावर उतरवलेलं होतं. चार दिवस ते सतत चाललं होतं. मडिवाळप्पांनी इंजिन बंद केलं, म्हणाले, जरा थांबा, आधी कंदील सोडून बघू, धूर बसला असंल तळाला. अप्पा म्हणाले, मला साडेअकराची गाडी धरायचीय. दोर कमरेला बांधून उतरले. टप्प्याच्या खाली गेल्यावर एकदा हाक दिली, "वायर तर धड दिसून राह्यली." मग दोर जड झाला.

हे मडिवाळप्पा रविवारी प्रत्येक येणाऱ्याला सांगत होते. प्रत्येक वेळी दोराशी आले की दोन्ही तळहात उघडून दाखवत. कातडी सोलून निघाली होती.

संगप्पांना बसवून पुरलं, जसं लिंगायतांत पुरतात. खड्ड्यात कोनाडा, कोनाड्यात मांडी घातलेले अप्पा, कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर लिंग. स्वामींनी बेलाची पानं घातली. शिवकांताला त्या हाताचा अंगठा दिसत होता. त्यावर तापल्या कथलाच्या चटक्याचा जुना पांढरा ठिपका होता. तो ठिपका तिनं माती पडेपर्यंत पाहिला. शेवटचं वाक्य तिच्या कानात होतं, वायर तर धड दिसून राह्यली. म्हणजे त्या क्षणी त्यांना कळलं असेल? की वायर धड आहे तर मग काय, असा प्रश्न पडला असेल आणि उत्तराला वेळ मिळाला नसेल? दुसरं जास्त खरं वाटत होतं, आणि जास्त वाईट.

घरी येणारे जाणारे एकच बोलत. "मशीन बाकी कशी सोन्यासारखी केली." "साहेबानं कागद दिला, असातसा न्हाई." माणिकप्पा म्हणाले, "विहिरीनं घात केला, न्हाईतर त्याच्या हातात चूक न्हवती." नीलम्मा प्रत्येकाला तो कागद दाखवायची. घडीवर घडी पडून 'समाधानकारक' मधेच फाटायला आलं होतं.

शिवकांता त्या खोलीत भिंतीला टेकून बसे. तिनं खूप वाचलेलं होतं, जिल्हा ग्रंथालयाची अर्धी कपाटं तिच्या हातून गेली होती. अशा प्रसंगात माणसं काय बोलतात, कशी मोडतात, तिला ठाऊक होतं. तिच्या वाटेला मात्र नुसतं गप्प बसणं आलं. बोललं तर अप्पांना दुसऱ्यांदा पुरल्यासारखं. न बोललं तर आत काहीतरी रोज थोडं थोडं भरत चाललेलं, धूर बसतो तसं. कुणी पाणी दिलं तर ती पीत होती. कुणी "रड गं बाई" म्हटलं तर मान हलवत होती.

त्यांच्यात सुतक नसतं. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळीच ती दुकानात गेली, तर कुणी काही म्हणालं नाही.

"अव्वा, दोन घागरी लागतील."

नीलम्मानं आणून दिल्या. कशाला, हे विचारलं नाही.

उमरीचं यंत्र टेबलावर तसंच होतं. तिनं दोन्ही घागरी ड्रममध्ये ओतल्या आणि या वेळी भरल्या पाण्यावर पेच फिरवून काटा खुणेवर आणला. मग तोटी उघडून एक घागर भरून घेतली. पाणी निम्म्यावर आलं. काटा खुणेवर. दुसरी घागर घेतली. ड्रम कोरडा. काटा खुणेवर. तिनं काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि पुन्हा तिथेच उभा राहिला, शहाण्या माणसासारखा.

आतापर्यंत कुठेतरी आशा होती की शुक्रवारी आपलीच नजर चुकली असेल.

तिनं सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवली. उपाय दहा मिनिटांचा होता. सारख्या किमतीचे दोन रोधक घेऊन बॅटरीच्या मध्यावर एक बिंदू काढायचा. पण तो बिंदू नुसता तसाच सर्किटला दिला तर ओझ्यानं सरकतो, सगळा तोल बिघडतो. त्याला मधे एक धरून ठेवणारा लागतो. अप्पांनी आणलेल्या चिपमध्ये चार ॲम्प्लिफायर होते. तीन त्यांनी वापरले होते. चौथा रिकामाच होता, त्याचे पाय स्वच्छ, कथलाचा थेंबही न लागलेले. तिनं चौथ्यालाच त्या कामाला लावलं. काळी वायर तळापासून उखडली आणि तिथे जोडली, काट्याचं एक टोकही तिथेच आणलं. साडेचार व्होल्ट, नऊच्या बॅटरीचा बरोबर मध्य. मीटरवर आकडा स्थिर होता.

पुन्हा दोन्ही घागरी. पुन्हा खूण. मग तोटी.

काटा डावीकडे निघाला. सावकाश, पाण्याबरोबर.

नीलम्मा दारात उभी होती, कधीची कोण जाणे. "आज हिकडं कसा गेला गं?"

"थोडं बदललंय."

"आदी जात न्हवता?"

शिवकांतानं तोटी बंद केली. नीलम्मानं वाकून आपल्या घागरी उचलल्या आणि आत गेली.

*

दहाच्या सुमाराला कचेरीची जीप आली. अर्जुनराव साहेब उतरले, मागून मडिवाळप्पा, हाताला पट्ट्या बांधलेल्या. साहेब नीलम्मासमोर खाली सतरंजीवर बसले. ही त्यांची चांगली रीत होती.

"वहिनी, रिपोर्ट मी स्वतः लिहिलाय. केबल तपासायला उतरले, दुर्दैवानं अपघात झाला. यंत्रात दोष नाही, असं स्पष्ट लिहिलंय. त्यांच्या नावाला धक्का लागणार नाही."

नीलम्मानं पदर डोळ्याला लावला.

"आणि शिवकांता, आणखी नऊ विहिरी आहेत. संगप्पांचं यंत्र म्हणूनच बसवू आपण, पेटीवर नाव घालू. तू कर. जसंच्या तसं."

"जसंच्या तसं," नीलम्मा म्हणाली, आणि तिनं मुलीकडे पाहिलं.

शिवकांता म्हणाली, "करते. पण मुखेडचं आधी मला बघू द्या."

"मुखेडचंच सांगणार होतो. तिथंही तेच. काटा हलत नाही म्हणून कालच निरोप आला. तिथली वायरही गेली म्हणायची. हे मडिवाळप्पा जातायत आत्ताच्या गाडीनं."

"मी जाते. कुणी उतरू नका."

"तू कशी उतरशील, अक्का?" मडिवाळप्पा म्हणाले. "तितं बी इंजिन आतच हाय. मीच उतरतो. अप्पाचं काम माझ्या हातून ऱ्हायलंय."

"मडिवाळप्पा, उतरायची गरज नाही. मी वरूनच बघते."

"वरनं वायर कशी दिसंल?" ते कसनुसं हसले. "उगा मला वाचवू नको गं. कंदील सोडू म्हणलो अन् त्यांनी न्हाई म्हणलं तर गप बसलो. हात धरून थांबवायला पायजे हुतं का न्हाई? आता तुमच्या घरात चहा प्यायचं तोंड न्हाई मला. एवढं करू द्या."

"कंदील सोडूनच उतरा मग," साहेब म्हणाले. "काळजी घ्या. गाडी किती वाजता?"

"साडेदहा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मडिवाळप्पा उठले. पट्टी बांधलेल्या हातानं चप्पल सरळ करू लागले, ती सरळ होईना. रविवारपासून त्या माणसानं दर येणाऱ्याजाणाऱ्यापुढे तळहात उघडून दाखवले होते, आणि ती भिंतीला टेकून ते पाहत बसली होती. दोर त्यांच्या हातात होता एवढाच त्यांचा गुन्हा.

शिवकांता आत दुकानात गेली आणि यंत्र उचलून घेऊन आली. सतरंजीवर साहेबांसमोर ठेवलं. झाकण उघडं होतं.

"बसा, मडिवाळप्पा."

"गाडी..."

"बसा. मुखेडची वायर तुटलेली नाही. अहमदपूरचीही तुटली नव्हती. अप्पांनी खालून सांगितलं ना तुम्हाला, वायर धड आहे?"

मडिवाळप्पांनी मान हलवली. ते तिथेच दाराशी खाली बसले.

"मग काय बिघडलं होतं?" साहेब म्हणाले.

"बिघडलं काहीच नव्हतं. जसं जोडलं तसंच ते चालत होतं. ही काळी वायर बघा. आज सकाळी ती मी इथं आणली. आधी ती बॅटरीच्या तळाला होती. तिथं ठेवली तर पाणी कितीही उतरू दे, काटा खुणेखाली येऊ शकत नाही. दोन बॅटऱ्या होत्या तेव्हा ते बरोबर होतं. एक काढली, तेव्हा शून्य वर उचलायला हवं होतं. ते राहिलं. ड्रम भरून बघितलं असतं तर कळलं असतं. ड्रम भरायला पाणी नव्हतं."

"म्हणजे दोष..." साहेब थांबले.

"शिवे," नीलम्मा म्हणाली. आवाज मोठा नव्हता. तिचा हात स्वतःच्या गळ्यातल्या लिंगाशी गेला होता.

शिवकांतानं आईकडे पाहिलं. मग साहेबांकडे नाही, मडिवाळप्पांकडे वळून बोलली, कारण हे ऐकायचा पहिला हक्क त्यांचा होता.

"चूक अप्पांची होती. तुमची नव्हती. तुमचा दोर, तुमचा कंदील, काही नाही. त्यांनी विहिरीत उतरायचंच कारण नव्हतं."

दुकानात तोटीखालची बादली एकेका थेंबानं वाजत होती. नीलम्मा ती बंद करायला उठली नाही.

"आणि मला ते माहीत होतं, अव्वा. शुक्रवारी. झाकण लावताना दिसलं. अप्पा इथं समोर बसले होते. त्यांनी दोनदा विचारलं, काय गं, काय गं. आणि मी म्हणाले, एक स्क्रू कमी आहे."